आधी अंघोळ, मग टब

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर

प्रिय सोनू,


ताई आणि भाऊजी डिसेंबरात डेन्व्हरला येणार हे कळलं आणि काळीज सुपाएवढं झालं. नव्या घराच्या मागच्या अंगणात हॉट टब आहे, बाहेर बर्फ पडत असताना आईबाबांना त्यात बसवायचं, आईचे गुडघे शेकले जातील, हा तुझा बेत फार गोड आहे. तो नीट पार पडावा म्हणून लिहिते आहे. फोनवर तू म्हणालीस की आधीच्या मालकांनी टब भरलेलाच ठेवला आहे, पाणी अगदी नितळ दिसतं, फक्त चालू करायचा. ते पाणी आधी सोडून दे, सोनू. एक थेंबही ठेवू नकोस.

आपण लहानपणापासून ज्या गरम पाण्यात न्हालो ते वाहतं होतं. बंबातून बादलीत, बादलीतून अंगावर, अंगावरून मोरीत. संगमेश्वरजवळच्या राजवाडीच्या कुंडातसुद्धा जमिनीतून गरम पाणी सारखं येत असतं आणि वाहून जात असतं. टबात तसं नाही. तीनचारशे गॅलन, म्हणजे हजार-दीड हजार लिटर पाणी तेच ते आठवडेच्या आठवडे राहतं. तेच फिरतं, तेच तापतं, माणसं त्यातच उतरतात. आपण त्याला अंघोळीचं पाणी समजतो आणि तिथेच फसतो. टबात शिरण्यापूर्वी अंघोळ झालेली असली पाहिजे, आणि पाण्याचीही तयारी झालेली असली पाहिजे.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं जंतू वाढवण्यात गेली, त्यामुळे नितळ पाण्यावर माझा विश्वास बसत नाही. टबाच्या पाण्यातून अंगावर पुरळ उठवणारा स्यूडोमोनास बशीत वाढला की हिरवट रंग धरतो आणि त्याला द्राक्षासारखा गोडसर वास येतो. न्यूमोनिया करणारा लिजिओनेला हट्टी. त्याला कोळसा घातलेलं काळंभोर माध्यम लागतं, आणि तीनचार दिवस वाट पाहिल्यावर त्यावर मोत्यासारखे बारीक ठिपके दिसतात. पण टबात हे दोघंही डोळ्यांना दिसत नाहीत. 25 ते 45 सेल्सिअस हा लिजिओनेलाच्या वाढीचा पट्टा, आणि टब आपण ठेवतो 38-40 वर. विरजण लावायला दूध कोमट करून ठेवावं, तशी ही सोय आपण आपल्या हाताने करत असतो.

शिवाय टब म्हणजे फक्त दिसतं तेवढं भांडं नव्हे. त्याच्या पोटात जेटच्या नळ्यांचं जाळं असतं. त्या नळ्यांच्या आतून बुळबुळीत थर धरतो, आणि त्या थराखाली जंतू क्लोरीनपासून लपून राहतात. वरचं पाणी शुद्ध केलं, जेट सुरू केले, की त्या थराचे तुकडे सुटून पुन्हा पाण्यात येतात. बुडबुडे फुटले की त्यांचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. लिजिओनेला पाणी पोटात गेल्याने नव्हे, अशा तुषारांतून लागतो. 1999 च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेला एक टब बुडबुडे काढत चालू ठेवला होता. त्यात कोणी उतरलं नव्हतं. लोक नुसते शेजारून गेले. दोनशेहून अधिक माणसं आजारी पडली, 32 दगावली. 2019 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका जत्रेतही प्रदर्शनातल्या टबांभोवती असंच घडलं. म्हणून भाऊजींनी 'मी आत येत नाही, इथेच काठावर खुर्ची टाकून बसतो' म्हटलं तरी पाण्याची काळजी तेवढीच घ्यायला हवी.

तेव्हा कामाला लाग, आणि ते याच महिन्यात उरक. डेन्व्हरच्या कडाक्याच्या थंडीत टब रिकामा केला तर नळ्यांत राहिलेलं पाणी गोठून त्या तडकतात. एखादा उन्हाचा, बऱ्यापैकी उबदार दिवस बघ. नळ्या धुवायचं औषध टबाच्या दुकानात मिळतं. ते जुन्या पाण्यात घालून डब्यावर सांगितलं असेल तितका वेळ सगळे जेट चालू ठेव. जावईबापूंना मुद्दाम शेजारी उभं कर, कारण तपकिरी-करडा फेस आणि पापुद्रे वर येताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले की पुढची सगळी शिस्त ते आपणहून पाळतील. तो फेस उडत असताना दोघांनीही वाऱ्याच्या उलट बाजूला, थोडं लांब राहा. मग टबाची वीज मेन स्विचपासून बंद कर आणि पाणी सोड. ते कुठे सोडायचं याचे तुमच्या गावाचे नियम विचारून घे. भिंती, बैठका, जेटच्या तोंडाभोवतीच्या खाचा, कव्हरची आतली बाजू, सगळं पुसून काढ. जुना फिल्टर धुवत बसू नकोस, सरळ नवा आण. नवं पाणी भरताना नळी फिल्टरच्या खोबणीत सोड, म्हणजे पंपात हवा अडकत नाही. भरून झालं की पहिल्या वेळी डब्यावरच्या मापाने क्लोरीनचा जबर डोस घालून पाणी नळ्यांतून फिरू दे, आणि पातळी खाली येईपर्यंत कोणीही उतरू नका.

मग रोजचं. टेस्ट स्ट्रिपची बाटली टबाजवळ नको, दमट हवेत पट्ट्या खराब होतात. स्वयंपाकघरातल्या कोरड्या कपाटात ठेव. उतरण्यापूर्वी दर वेळी एक पट्टी बुडवायची. क्लोरीन वापरत असशील तर किमान 3 पीपीएम, ब्रोमीन असेल तर 4 ते 8, आणि पीएच 7.0 ते 7.8 च्या दरम्यान. पीएचकडे लोक दुर्लक्ष करतात, पण क्लोरीनचं बळ त्यावरच ठरतं. 7.5 च्या आसपास क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. 8 वर गेलं की जेमतेम पाव उरतो, आणि आकडा तर पट्टीवर छान दिसत राहतो. पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या, सायन्युरिक आम्ल असलेल्या क्लोरीनच्या गोळ्या स्वस्त पडतात, पण टबात नकोत. त्या आम्लाने क्लोरीन मंदावतं, आणि टबात आपल्याला ते चपळ हवं आहे. गरम पाणी, सतत घुसळण आणि थोड्याशा पाण्यात चार माणसं, यामुळे क्लोरीन भराभर संपतं. काल रात्रीचा आकडा आज संध्याकाळी खरा धरू नकोस. पाण्याला झणझणीत क्लोरीनचा वास आला तर 'वा, स्वच्छ आहे' असंही समजू नकोस. तो वास घाम आणि लघवीशी लढून थकलेल्या क्लोरीनचा असतो. औषधं एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत, कोरडीसुद्धा. आणि औषध पाण्यात घालायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही.

पाणी पुन्हा कधी बदलायचं याचा एक सोपा हिशेब लोक वापरतात. गॅलनला 3 ने भागायचं, मग रोज उतरणाऱ्या माणसांच्या संख्येने. 360 गॅलनचा टब आणि रोज चार माणसं धरली तर तीस दिवस निघतात. म्हणजे आईबाबांच्या मुक्कामातच एकदा बदलावं लागेल, आणि तेही हिवाळ्यात. त्यापेक्षा रोज चौघांनी उतरू नका.

आता माणसांची तयारी, आणि इथे ताईशी थोडं गोडीने बोलावं लागेल. ती रात्री डोक्याला खोबरेल लावते, गुडघ्यांना नारायण तेल चोळते. गरम पाण्याआधी तेल हे आपल्या हाडात मुरलेलं आहे, अभ्यंगस्नानाचा क्रमच तो. टबात मात्र ते तेल क्लोरीन खाऊन टाकतं, पाण्यावर फेस आणतं आणि फिल्टरला चिकटून बसतं. टबाच्या दिवशी तेल नंतर लावायचं. आधी घरात शॉवरखाली साबण लावून स्वच्छ अंघोळ, पायाची बोटं आणि काखा यांसकट, मग टब, मग पुन्हा साध्या पाण्याने अंग धुणं, मग तेल. जपानमध्येही सार्वजनिक गरम कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग घासूनपुसून धुतात. तिला हे सांग, तिला पटेल. ती दुसऱ्यांच्या सोवळ्याचा मान ठेवणारी आहे.

कपड्यांचा प्रश्न तिच्या बाबतीत नाजूक आहे. ती स्विमसूट घालणार नाही, आणि सुती गाऊन किंवा पंजाबी ड्रेस घालून उतरू द्यायचं नाही. सुताचे तंतू फिल्टरमध्ये जातात, कपड्यात राहिलेल्या साबणाचा फेस होतो, आणि घोळदार कापड पाणी ओढणाऱ्या जाळीकडे खेचलं जातं. अंगाला बसणारे, कोपरापर्यंत बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे मिळतात. केसांचा घट्ट अंबाडा हवा, शेपटा मोकळा सोडायचा नाही.

जाळीचं मी उगाच म्हणत नाही. 2002 मध्ये व्हर्जिनियात ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी टबाच्या तळाच्या ओढीने धरली जाऊन बुडाली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि 2007 मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. तो सार्वजनिक तलाव आणि टबांना जाळ्या बसवायला लावतो, आणि विक्रीला येणाऱ्या जाळ्यांना सुरक्षेची अट घालतो. तुझा टब जुना आहे. रिकामा केलास की त्याच वेळी तळाच्या जाळ्या तपास. तडकलेली, सैल किंवा गायब असेल तर बदलेपर्यंत टब बंद. तुझा पिल्लू अजून चार वर्षांचा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांनी टबात उतरायचंच नाही, त्याने रडून घर डोक्यावर घेतलं तरी. कव्हरला कुलूप, आणि किल्ली त्याच्या हाताला न लागेल अशी.

भाऊजींची मला सगळ्यात जास्त चिंता आहे. सत्तरी ओलांडलेली, रक्तदाबाच्या गोळ्या, साखर, आणि सिगरेट सोडली असली तरी फुप्फुसांनी ती वर्षं सोसलेली आहेत. पन्नाशीपुढचा, धूम्रपान केलेला माणूस लिजिओनेलाला लवकर बळी पडतो. त्यात 104 फॅरनहाइट, म्हणजे 40 सेल्सिअस, हे पाणी शरीरापेक्षा गरम. घाम आला तरी तो पाण्यात वाळत नाही, शरीराला थंड व्हायला वाट राहत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, आणि उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहात पावलं बधिर असतील तर चटकाही कळत नाही. त्यांनी पुण्याहून निघण्यापूर्वीच त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. होकार मिळाला तर 100 फॅरनहाइटवर दहा मिनिटं, जेट बंद, कोणीतरी शेजारी. पाण्याची बाटली जवळ, दारू अजिबात नाही, त्याआधीही नाही. टबापासून दारापर्यंत बर्फ साफ करून रबरी मॅट अंथर, धरायला कठडा असू दे. ओल्या पायांनी पडून मांडीचं हाड मोडणं या वयात परवडत नाही.

ताईच्या गुडघ्यांसाठी माझं खरं मत विचारशील तर घरातला साधा बाथटब पुरे आहे. जकूझी टब ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या कँडिडो जकूझी यांनी आपल्या संधिवाताने आजारी मुलासाठी पंप बनवला, तो घरच्याच बाथटबात सोडायचा होता. मुलगा शेकून निघाला की पाणी गटारात. रोज ताजं पाणी. ताईला तसं बसव. आणि बर्फात बसायची हौस म्हणून एखाद्या संध्याकाळी बाहेर.

एक गोष्ट लिहून फ्रिजवर लाव. लिजिओनेलाचा ताप टबानंतर साधारण दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतो. तोवर ताई-भाऊजी पुण्याला परतलेलेही असू शकतात, आणि तिथल्या डॉक्टरांना वाटेल विमानप्रवासात न्यूमोनिया झाला. नेहमीच्या पेनिसिलिन जातीच्या औषधांना हा जंतू दाद देत नाही, त्याला अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. ताप, खोकला, धाप असं काही झालं तर 'आम्ही हॉट टबात बसलो होतो' हे पहिल्या वाक्यात सांगायचं आणि लघवीची लिजिओनेला तपासणी मागायची. पोहण्याचा कपडा जिथे घट्ट बसतो तिथे लाल खाजरी पुरळ उठली तर ती बहुधा स्यूडोमोनासची. ती आपली आपण जाते, पण टब बंद करून पाणी बदलायची सूचना म्हणूनच घे.

टब रिकामा केलास की जाळ्यांचे फोटो पाठव, मी बघून सांगते. ताईसाठी ते पोहण्याचे कपडे इथून मीच घेऊन पाठवते. छातीचं आणि कमरेचं माप तिला न सांगता कळव, नाहीतर ती नको म्हणेल.

तुझी,
मावशी