मेंदूची बदली

आमच्या बदल्या पुष्कळ झाल्या. परंतु २००४ साली घेतलेल्या आमच्या मारुती ८०० च्या मेंदूची बदली मात्र बंगळूरातच व्हायची होती. चांगली धावता धावता ती भर रहदारीत बंद पडे आणि थंड झाली की निमूटपणे सुरू होई. सौभाग्यवतींनी रात्री तीत बसणेच सोडले.

'इंजिन कंट्रोल मॉड्यूल गेले,' असे निदान झाले. इंजिनाची गती, उष्णता आणि आत येणारी हवा यांच्या वार्ता सेन्सरांकडून घेऊन पेट्रोल किती द्यावे व ठिणगी केव्हा पाडावी, याचे हुकूम सोडणारी ही पेटी. या गाडीचे उत्पादन २०१४ सालीच थांबलेले. तेव्हा आम्ही जे. सी. रोडवरील सुट्या भागांची दुकाने पालथी घातली. तेथील एका वृद्ध मिस्त्रीने आधी पेटीकडे येणारी वीज व अर्थिंग तपासले. तारेच्या अपराधाची शिक्षा पेटीला नको, असे त्याचे म्हणणे. तारा निर्दोष ठरल्या. पेटी उघडली, तो डाखाच्या एका सांध्याला केसाएवढी चीर! तापली की ती फाके, निवली की मिटे.

त्याच क्रमांकाची दुसरी पेटी बसविली, तरी आरंभी गाडी किंचित अडखळे. ऑक्सिजन सेन्सरच्या वार्तांवरून पेट्रोलचे प्रमाण नवी पेटी हळूहळू शिकते, असे मिस्त्रीने समजाविले. आम्हांस ते लगेच पटले. नव्या गावी रुजू झालेल्या माणसाची परीक्षा पहिल्याच आठवड्यात कोणी घेऊ नये, हे आम्ही जन्मभर वरिष्ठांना सांगू शकलो नव्हतो!

पंधरवड्याने सौभाग्यवती रात्री गाडीत बसल्या. काही बोलल्या नाहीत. वाटेत त्यांना डुलकी लागली.