हिरवेपणाची साक्ष

पालेभाजी डोळ्यांनी पारखावी, हा आपल्याकडचा जुना संस्कार. पान टवटवीत आहे ना, देठ कोवळा आहे ना, एवढे पाहिले की जुडी पिशवीत जाते. बंगळुरूच्या बाजारात, जिथे पालेभाजीला ‘सोप्पू’ म्हणतात, मीही इतकी वर्षे तेच करीत आले. अलीकडच्या बातम्यांनी मात्र या पारखीची मर्यादा दाखवून दिली.

येथील ‘एम्प्री’ या पर्यावरण संशोधन संस्थेने शहरातील दुकानांतून दहा प्रकारच्या भाज्यांचे ४०० नमुने तपासले. अनेकांत जड धातू मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याचे वृत्त २०२३ मध्ये आले. राष्ट्रीय हरित अधिकरणाने स्वतःहून दखल घेतली. पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत ७२ पैकी १९ नमुन्यांत शिसे जास्त निघाले.

मग पान हिरवे कसे राहते? कॅडमियम वनस्पतीच्या काहीच उपयोगाचे नाही. परंतु जस्त, लोह आणि मँगनीज आत घेणाऱ्या मुळांच्या वाटांनीच ते शिरते. वनस्पती त्याला फायटोकेलॅटिन नावाच्या रेणूंनी जखडते आणि पेशीतील रिक्तिकेत कोंडून ठेवते. मात्रा फार वाढली तरच मुळे खुंटतात, पाने पिवळी पडतात. तोवर रोपाने स्वतःला वाचवलेले असते, खाणाऱ्याला नव्हे. शिसे बहुधा मुळांत अडकते. कॅडमियम पानांपर्यंत सहज चढते. धुतल्याने पानावरची धूळ जाते, आतला धातू जात नाही. शिजवूनही तो नष्ट होत नाही. जपानमध्ये जिन्झू नदीकाठच्या भातातून शरीरात गेलेल्या कॅडमियमने माणसांची मूत्रपिंडे आणि हाडे पोखरली. त्या ‘इताई-इताई’ व्याधीचे कारण सरकारने १९६८ मध्ये मान्य केले.

आपल्या शहराची वृषभावती नदी मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी घेऊन बिडदीजवळच्या बैरमंगल जलाशयात पोहोचते. त्या परिसरातील अनेक शेतकऱ्यांनी भात सोडून चाऱ्याचे गवत, बेबी कॉर्न आणि तुती यांची कास धरली. त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. बारमाही मिळणारे पाणी तेवढेच आहे, आणि ते आपणच पाठवलेले आहे.

मैल्यातील सेंद्रिय घाण कालांतराने कुजते. धातू कुजत नाही. चुना आणि शेणखत घातल्यास तो मातीत काहीसा बांधला जातो, नाहीसा होत नाही. म्हणून उपाय शेताच्या बांधावर नव्हे, कारखान्याच्या नळापाशी हवा: धातूचा मुलामा देणाऱ्या उद्योगांचे पाणी मैल्यात मिसळण्याआधीच शुद्ध व्हावे. आणि कालव्याच्या पाण्यातील धातूंचे आकडे नियमितपणे, कन्नडमध्ये, त्याच गावांच्या पंचायतींत लावले जावेत. आपण काय पिकवतो आहोत, हे जाणण्याचा पहिला हक्क तिथल्या शेतकऱ्याचा आहे.