विजयाच्या दिवशीचे छायाचित्र

आमच्या दांडिया बाजारातील जुन्या घराच्या ओसरीवर एक छायाचित्र अजून टांगलेले आहे. काकांच्या गळ्यात झेंडूचे हार, कपाळभर गुलाल, आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या नऊवारीतल्या काकू. काका निवडून आले त्या दिवशीचे ते चित्र. पाहणाऱ्याला ठाऊक नसते ते आम्हांला ठाऊक आहे. त्याआधी दोनच महिने काकू ट्रंक भरून माहेरी इंदूरला निघाल्या होत्या, आणि त्यांना स्टेशनावरून परत आणणारे आम्ही घरचेच होतो. काकांचे दुसरे घर गावात कोणापासून लपलेले नव्हते. "निवडणूक होऊन जाऊ द्या, मग पाहू," असे आम्ही त्यांना समजावले. निवडणूक झाली. पुढेही अनेक झाल्या. ते 'मग' मात्र कधी आले नाही.

राजकारणी पुरुषांच्या बायका अशा संसारात का राहतात, या प्रश्नाला आमच्यापाशी पुष्कळ वर्षे एकच उत्तर होते : सहनशीलता. ते उत्तर लंगडे आहे हे आम्हांला एलिनॉर रूझवेल्ट यांच्या चरित्रामुळे उमगले. त्या चरित्रापर्यंत आम्ही पोहोचलो तेही बडोद्याच्याच वाटेने. आमच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या. १९४८च्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' याऐवजी 'सर्व माणसे' असा शब्द यावा म्हणून त्या आग्रही राहिल्या. त्या आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉरबाई होत्या.

१९१८च्या सप्टेंबरात फ्रँकलिन रूझवेल्ट युरोपातून आजारी होऊन परतले. त्यांचे सामान उघडताना एलिनॉरबाईंना पत्रे सापडली. ती ल्यूसी मर्सर यांची होती, आणि ल्यूसी या एकेकाळी एलिनॉरबाईंच्याच सचिव होत्या. लग्नाला तेरा वर्षे झाली होती, पाच मुले होती. त्यांनी घटस्फोटाची तयारी दाखवली. चरित्रकार सांगतात की, सासूबाईंनी मुलाला पैसा बंद करण्याची धमकी दिली, आणि राजकीय सल्लागार लुई हॉवे यांनी घटस्फोट म्हणजे कारकीर्दीचा शेवट, असे बजावले. संसार टिकला. हे वाचताना आम्ही थबकलो. मुले, पैसा आणि निवडणूक ही तिन्ही कारणे आमच्या ओसरीवरही मांडली गेली होती, आणि हॉवे यांचे काम तेथे आम्ही केले होते.

पुढची कथा मात्र निराळी आहे. एलिनॉरबाईंना वारशाने आलेले स्वतःचे उत्पन्न होते. १९२०च्या दशकात मैत्रिणींच्या साथीने त्यांनी व्हॅल-किल येथे दगडी घर उभारले. जागा फ्रँकलिन यांनीच दिली होती. १९२७पासून त्या न्यूयॉर्कच्या एका मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. १९३५मध्ये सुरू केलेले वृत्तपत्रीय सदर त्यांनी १९६२पर्यंत चालवले. त्या राहिल्या, पण पायाखाली स्वतःची जमीन तयार करून राहिल्या.

म्हणून ही यशोगाथा ठरवण्याचा मोह आम्हांला नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे फ्रँकलिन यांचे निधन झाले. त्या दिवशी ल्यूसी तेथे होत्या, आणि त्या भेटीगाठींत आपल्याच मुलीचा हात होता, हे दोन्ही एलिनॉरबाईंना त्यानंतर कळले. १९३७च्या त्यांच्या आत्मकथनात १९१८च्या त्या पत्रांविषयी अवाक्षर नाही. इतकी वर्षे जे लिहवले नाही, त्याचे ओझे किती असेल याचा अंदाज आम्ही बाहेरच्यांनी काय करावा!

काकूंपाशी यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्या पाटल्या काकांच्या पहिल्याच निवडणुकीत मोडल्या होत्या. उतारवयात एकदा आम्ही धीर करून विचारले, "काकू, तुम्ही का राहिलात?" त्या निवडत असलेले तांदूळ बाजूला न ठेवता म्हणाल्या, "स्टेशनावर तुम्ही सगळे आला होतात. माझे तिकीट परत केलेत, त्याचे पैसेसुद्धा ह्यांच्याच हातात दिलेत." एवढे बोलून त्या पुन्हा खडे वेचू लागल्या. जो प्रश्न आम्ही जन्मभर त्यांना विचारत होतो, तो खरे तर आम्हांला विचारायचा होता.

गेल्या वर्षी घरातील एका सुनेने असाच पेच आमच्यापुढे मांडला. तिचा नवराही राजकारणात आहे, आणि निवडणूकही जवळ आली होती. "मग पाहू" हे शब्द सवयीने ओठांवर आले होते. ते गिळून आम्ही तिला एवढेच विचारले की, तुझ्या नावावर काही आहे का, आणि चार दिवस जाऊन राहावे अशी जागा आहे का? नसेल तर आपल्या घराची वरची खोली मोकळी आहे. ती राहिली की गेली, हे येथे लिहिण्याचा अधिकार आमचा नाही. खोलीची किल्ली मात्र तिच्यापाशी आहे.