धुक्यातला खारेपाट

पेणचं धुकं समुद्रावरून चालत येतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. सॅन फ्रान्सिस्कोचे फोटो पाहून झालेली. तिथला समुद्र थंड. ऐन उन्हाळ्यात त्याच्यावर धुकं धरतं आणि वारा ते टेकड्यांवरून शहरात लोटतो. आपला अरबी समुद्र पडला उबदार. इथलं धुकं घरचंच असतं. पौषातली निरभ्र रात्र, वारा पडलेला; जमीन गार होत जाते, डोंगराची थंड हवा उतारावरून सखल भागात येऊन साचते. ओल खाडीची, गारवा डोंगराचा.

ते टिपायला अंधारातच महालमिऱ्याचा डोंगर चढलो. पहिल्या खेपेला सगळे फोटो राखाडी आले, चुलीतली राख पसरल्यासारखे. चूक कळली ती गणपतीच्या कारखान्यात. रंगाचा हात न लागलेल्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींची रांग टिपली, तर त्याही मळकट! कॅमेऱ्याला पांढरं खपतच नाही. समोर पांढरं दिसलं की तो प्रकाश कमी करून त्याचं करडं करून टाकतो. एक्स्पोजर आपणच एखाद्या स्टॉपने वाढवायचं, मग मूर्ती मूर्तीसारखी येते आणि धुकं धुक्यासारखं. पेणमध्ये राहून हे शिकायला मला एवढी वर्षं लागावीत, याची जरा लाजच वाटली.

दुसऱ्या खेपेला मात्र साधलं. उत्तरेला कर्नाळ्याचा सुळका तेवढा वर. खाली वाशी, वढाव, शिर्की, सगळी गावं गडप. महामार्ग नुसत्या हॉर्नपुरता उरलेला. मधेच रोह्याच्या गाडीची शिटी, पण गाडी नाही.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला आणि धुक्याच्या कडेवर नजर अडकली. डोंगराच्या पायथ्याशी ती वाकडीतिकडी आत शिरत होती, भरतीचं पाणी शिरावं तशी. ही खारेपाटाची जमीन मुळात खाडीचीच. बांध घालून, पाणी सोडायच्या उघाड्या बसवून पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ती भातासाठी मिळवलेली. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी आजही आपली जागा मागायला येतं. धुकं मागत नाही. एका रात्रीत सगळं परत घेतं आणि भाताच्या एका काडीलाही धक्का लावत नाही.

खारेपाटातल्या एका आजोबांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "आंब्याचा मोहोर गेला म्हणायचा." मी थोडा हिरमुसलो. पण खरंच आहे ते; असलं धुकं चार दिवस राहिलं की मोहोर काळा पडतो, तुडतुडे वाढतात. वालाला मात्र दव मानवतं. पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याखाली शिजणाऱ्या शेंगा त्याच दवावर पोसलेल्या.

तुम्हाला जायचं असेल तर आदल्या रात्री चांदण्या स्वच्छ दिसताहेत ना आणि झाडाचं पान हलत नाही ना, एवढं बघा. कॅमेरा उघड्यावर गार होऊ देऊ नका, नाहीतर काचेवरच धुकं धरेल. आणि उजाडायच्या आत वर पोचा. ऊन चढलं की खाली पुन्हा बांध, शेतं आणि वडखळच्या दिशेने जाणारे ट्रक.