उघड गोष्टीचा पुरावा

जी गोष्ट सर्वांस ठाऊक असते, तिचा पुरावा देणे हेच सर्वांत कठीण. लहानपणी आमचा गुडघा फुटला की आई फडताळातील डबा उघडून चिमूटभर हळद काढी व जखमेवर दाबून धरी. पुढे कॉलेजात चार पुस्तके वाचल्यावर "याला आधार काय?" असे आम्ही तिला विचारले. सूर्य पूर्वेस उगवतो याला आधार मागावा, तशी तिने आमच्याकडे पाहिले. आमच्या विद्येचा हा पहिला पराक्रम!

हाच प्रश्न पुढे अमेरिकेतील पेटंट-कचेरीपुढे आला. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांना, जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याबद्दल, तेथे पेटंट मिळाले. गंमत अशी की दोघेही मूळचे भारतीयच.

पेटंटास योग्य होण्यास कल्पना नवी तर असावी लागतेच. शिवाय त्या विषयातील सामान्य जाणकारास ती सहज सुचण्यासारखी नसावी लागते. हळदीचा हा गुण आमच्या वर्धा जिल्ह्यातील कोणतीही आजी सांगेल. परंतु अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यास परदेशातील नुसती वहिवाट पुरेशी नव्हती. छापील आधार हवा होता. डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिने असे ३२ आधार पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ साली कचेरीने ते दावे अमान्य केले.

त्या दिवशी आम्हांस आनंद झाला, हे खरेच. तथापि कचेरीने कागद मागितला यात अन्याय झाला, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही. कोलंबसाने अंडे उभे करून दाखविल्यावर ते सर्वांसच सोपे वाटले, अशी एक दंतकथा आहे. एखादी युक्ती कळल्यानंतर "हे तर उघडच होते" असे म्हणणारे पुष्कळ निघतात. त्यांतून खरोखर आधीपासून जाणणारा निवडावयाचा, तर लिहून ठेवलेल्या शब्दावाचून गत्यंतर नाही.

आमच्याच जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे नाव कागदावर चढले, हे चांगले झाले. पण ती बातमी वाचताना आम्हांस आमच्या घरचा तो डबा आठवला. हळदीशेजारी त्यात आणखी पाचसहा पुड्या असत. आधार कोणता, हे आईला विचारण्याइतके आम्ही शिकलो होतो. त्या पुड्या कशाच्या, हे विचारून लिहून घेण्याचे मात्र आम्हांस कधी सुचले नाही. आता सांगावयास ती नाही.