दोनशे पंचवीस, चाळीस, अठरा

१.
धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. टायरची दुकानं मोजू नयेत इतकी. एका दुकानात एमएच-१९ ची ऑक्टाव्हिया आरएस जॅकवर चढवलेली. २४५ अश्वशक्ती, सगळी पुढच्या दोन चाकांकडे. मूळ टायर २२५/४० आर १८. मालकाला २५५ हवेत.
दुकानदार: "भाऊ, गाडी चालाडनी शे का दखाडनी शे?"

२.
२२५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ४० टक्के. म्हणजे ९० मिमी. १८ हा रिंगचा व्यास, इंचांत. सातबाऱ्यावर हेक्टर आणि बांधावर एकर, तसलाच कारभार.

३.
नुसता आकडा बदलून २५५/४० घातला की चाकाचा व्यास ६३७ मिमीवरून ६६१ वर जातो. काट्यावर १०० दिसतात तेव्हा गाडी १०४ च्या आसपास पळते. व्यास राखायचा तर २५५/३५. पण त्याला रिंग किमान साडेआठ इंच रुंद लागते, या गाडीची साडेसात. अरुंद रिंगवर रुंद टायर फुगतो, वळणावर भिंत लवते. जास्त पैसे मोजून स्टिअरिंग मूळपेक्षा सैल. रिंगही बदलली तर ऑफसेट बघायचा; नाहीतर आत शॉकला घासतं किंवा बाहेर मडगार्डला.

४.
"रुंद टायर जमिनीला जास्त टेकतो." कट्ट्यावरचं ठाम मत. टायरचा जमिनीवरचा ठसा मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा ठरवते. ३५० किलो, ३३ पौंड हवा: साधारण १५० चौरस सेंटिमीटर. रुंदी वाढवली की ठसा आडवा होतो आणि लांबीला आखूड. वळणावर फायदा. साचलेल्या पाण्यावर तोटा, गाडी लवकर तरंगते.

५.
बुगाटी व्हेरॉन: १००१ अश्वशक्ती, मागचे टायर ३६५ मिमी.
फॉर्म्युला वन, २०२६: पुढचे टायर २५ मिमीने अरुंद केले, मागचे ३० ने.

६.
सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा खूर आधी बघतो.

७.
बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवत, वर पाणी ओतलं की ती आवळून बसे. अरुंद. काळ्या चिखलात रुते, डांबरावर आली की डांबर कापे. मग रबरी टायरच्या गाड्या आल्या. दोन बैलांसाठी वाढवलेली ती रुंदी मला पटते.

८.
काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो. त्यात उन्हानं मऊ पडलेल्या डांबरात भरल्या ट्रकांच्या चाकोऱ्या. रुंद, बुटका टायर अशा चाकोरीत शिरला की स्टिअरिंग हातातून ओढून घेतो. खड्ड्यात ९० मिमीची भिंत तेवढीच उशी. तिच्यामागे थेट रिंग.

९.
भुसावळ, मे महिना, पारा ४५ च्या घरात. टायरमधल्या हवेचं तापमान साडेपाच अंशांनी चढलं की दाब साधारण एक पौंड वाढतो. दुपारी "हवा जास्त झाली" म्हणून ती काढणारे पाहिलेत. हवा सकाळी, गार टायरात मोजायची.

१०.
टायरवर वाय हे अक्षर: ताशी ३०० किमीपर्यंत चालेल.
चौपदरी महामार्गावर कारसाठी केंद्रानं ठरवलेली कमाल: १००.

११.
९ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत फेरफार चालणार नाहीत. दुकानात त्याची कुणी आठवण काढली नाही. मीही नाही.

१२.
माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर: २२५ च ठेवा, पैसे चांगल्या रबरावर घाला. आणि गोटा व्हायच्या आधी बदला.

१३.
अशा बऱ्याच महागड्या गाड्यांच्या डिक्कीतली स्टेपनी: रुंदी १२५ मिमी. वर पिवळं स्टिकर, ८० च्या पुढे नेऊ नका.