सीमा, कारणापुरती

पुणे

चि. अदितीस,


तुझं पत्र पोचलं. एडिंबरातल्या तुझ्या कामाच्या ठिकाणी कपडे बदलण्याच्या खोल्यांचे नियम नव्याने ठरणार आहेत आणि बैठकीत तुला बोलायचं आहे. तू विचारलंस, “आत्या, इतकी वर्षं बायकांसाठी काम केलेल्या माणसाने यात कुठे उभं राहावं?” फोनवर बोलले असते तर हो-नाहीत अडकले असते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमच्याकडचा निकाल. 16 एप्रिल 2025 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेच्या बाजूने निर्णय दिला. वाद सुरू झाला तो सार्वजनिक मंडळांवरच्या प्रतिनिधित्वावरून. या मंडळांवर निम्म्या जागा महिलांकडे असाव्यात म्हणून स्कॉटलंडने 2018 मध्ये कायदा केला. मग प्रश्न आला, 2004च्या कायद्याखाली स्त्री असल्याचं प्रमाणपत्र मिळालेल्या ट्रान्स स्त्रीला त्यात महिला म्हणून धरायचं का? पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की 2010च्या समता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जैविक लिंगाने स्त्री. ट्रान्स व्यक्तींना भेदभावापासून जे संरक्षण आहे ते याच कायद्यात स्वतंत्रपणे कायम राहतं, हेही त्यांनी सांगितलं. निकाल वाचताना लॉर्ड हॉज यांनी बजावलं, की हा एका गटाचा दुसऱ्या गटावरचा विजय समजू नका. पहिलं वाक्य जगभर गाजलं. बाकीची दोन फार थोड्यांच्या कानी गेली.

आता जळगाव जिल्ह्यातल्या भादलीकडे ये. 2021च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज भरला. तृतीयपंथी म्हणून तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि 2 जानेवारीला न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना स्त्री म्हणून लढायची मुभा दिली. आधार होता भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2014च्या नालसा निकालाचा आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019च्या कायद्याचा. स्वतःला जाणवणारी लिंगओळख हा दोन्हीकडे तेव्हा हक्क मानला होता. मात्र न्यायालयाने त्यांच्याकडून एक निवेदन नोंदवून घेतलं: सोयीसाठी, संधी साधण्यासाठी आपण पुढे पुरुष ही ओळख घेणार नाही. अंजलीताई निवडून आल्या.

दोन्हीकडे प्रश्न जवळजवळ एकच होता, राखीव जागेवर कोण बसणार. उत्तरं मात्र उलट आली. तू गोंधळलीस ते साहजिक आहे. मला यात एक वाट दिसते. बायकांसाठी राखलेली प्रत्येक जागा कुठल्या तरी कारणाने राखली गेली, आणि ती कारणं एकसारखी नाहीत. सीमा कुठवर जावी हे त्या कारणावरून ठरायला हवं. सगळीकडे एकच रेघ ओढली की कुणावर तरी अन्याय होतोच, मग ती रेघ कुठल्याही बाजूने ओढलेली असो.

आपल्याच इतिहासात बघ. 1863 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गरोदर राहिलेल्या विधवेने तिथे गुपचूप बाळंत व्हावं, मूल घेऊन जावं किंवा ठेवून जावं. तिथलं कारण होतं गर्भाशय असलेल्या शरीराला समाज देत असलेली शिक्षा. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं ते शिक्षणासाठी आणि आसऱ्यासाठी. मुंबईच्या लोकलमधला लेडीज डबा गर्दीतल्या हातांपासून वाचण्यासाठी. 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली अशी आख्खी लेडीज स्पेशल धावू लागली तीही त्याच कारणाने. आणि ग्रामपंचायतीतल्या राखीव जागा, महाराष्ट्रात 2011पासून निम्म्या, त्या सत्तेतून वगळलेल्यांना सत्तेत आणण्यासाठी. शरीर, हिंसा, आसरा, सत्ता. कारणं वेगळी, म्हणून कुंपणंही वेगळी.

या कसोटीवर भादलीचा निकाल मला बरोबर वाटतो. सत्तेच्या दारातून ज्या कारणांनी बाईला हाकलतात, त्याच कारणांनी बायकी ठरवलेल्या अंजलीताईंनाही हाकलतात. त्यांच्या बसण्याने गावातल्या बायकांचा आवाज कमी झाला असं मला वाटत नाही. पण हीच मुभा डोळे झाकून सगळीकडे द्या असं कुणी म्हणालं, तर मी नाही म्हणेन.

का, ते माझ्या कामातून सांगते. समुपदेशन केंद्रात बलात्कारातून आलेली बाई बसलेली असते. बाहेरच्या खोलीत पुरुषी आवाज उमटला तरी तिचं बोलणं तुटतं. तिचं शरीर तिला न विचारता आक्रसतं. अशा बाईने म्हटलं, “माझ्याशी बोलणारी व्यक्ती जन्माने बाईच हवी,” तर तिला वैचारिक शिकवणी देणं क्रूरपणा आहे. त्या खोलीचं कारणच ती आहे. तिच्या नकारात कुणाचा द्वेष शोधू नये. त्याच केंद्रात ट्रान्स स्त्रियाही येतात, गुरूने मारलेल्या, प्रियकराने लुटलेल्या, पोलिसांनी हाकललेल्या. त्यांना दाराबाहेर ठेवायचं का? अजिबात नाही. त्यांच्यासाठी वेगळी वेळ, वेगळी खोली, प्रशिक्षित माणूस ठेवायचा. यात खर्च आहे, तो करावा लागतो.

तुरुंगाचंही असंच. स्कॉटलंडमध्येच 2023च्या जानेवारीत दोन बायकांवरच्या बलात्कारात दोषी ठरलेल्या एका व्यक्तीला आधी स्त्रियांच्या तुरुंगात ठेवलं होतं. खटल्याची वाट पाहताना त्या व्यक्तीने स्त्री म्हणून राहायला सुरुवात केली होती. ओरड झाली, मग पुरुषांच्या तुरुंगात हलवलं. कोंडलेल्या बाईला दार उघडून निघून जाता येत नाही, म्हणून तिच्या बाबतीत राज्याने जास्त सावध असायला हवं. पण त्या एका गुन्हेगारावरून प्रत्येक ट्रान्स स्त्रीचा चेहरा रंगवणं हा दुसरा अन्याय. पुरुषांच्या बराकीत टाकलेल्या ट्रान्स स्त्रीचं काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. 2022च्या जानेवारीत केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की तुरुंगात ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी स्वतंत्र व्यवस्था असावी, आणि त्या स्वतंत्रपणाचा अर्थ एकांतवास होऊ नये. कागदावर का होईना, दिशा बरोबर आहे.

खेळाच्या मैदानावर कारण आणखी स्पष्ट. वरच्या दर्जाच्या धावण्यात पुरुष आणि स्त्रिया यांच्यात साधारण दहा-बारा टक्क्यांचं अंतर असतं, आणि ते वयात येताना पडतं. माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. स्त्रियांचा वेगळा गट नसता तर तिचं नाव आपल्याला कधी कळलंच नसतं. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने 2023 मध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना स्त्रियांच्या जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत भाग घेता येणार नाही असं ठरवलं, ते मला योग्य वाटतं. पण सीमा राखण्याच्या नावाखाली काय होतं तेही विसरू नकोस. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने 2006च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. गरीब घरातली, मुलगी म्हणूनच वाढलेली पोर जगासमोर उघडी पाडली. ‘खरी बाई कोण’ हे तपासायला निघालेला माणूस आधी उंच, सपाट छातीच्या, केस कापलेल्या, आवाज जाड असलेल्या बाईलाच अडवतो. तुमच्याकडे प्रसाधनगृहाच्या दाराशी कुणी कुणाला हटकू लागलं तर पहिला अपमान अशाच एखादीचा होईल. सीमा मान्य असली तरी पहारेकरी कोण आणि तो कसा वागणार, हे विचारल्याशिवाय हात वर करू नकोस.

आता भाषेविषयी. इंग्रजीतली भांडणं ‘तिच्याविषयी काय म्हणायचं’ यावर होतात. मराठीत माणूस स्वतःविषयी बोलतानाच लिंग सांगतो: मी आले, मी आलो. आपल्याकडच्या ट्रान्स स्त्रिया ‘मी आले’ म्हणतात आणि समोरचा सहसा ‘या ताई’ म्हणतो. त्याने कुणाचं काही जात नाही. एखादीला मुद्दाम, खिजवायला ‘तो’ म्हणणं हा उद्धटपणा आहे, माझ्या घरात तो चालत नाही.

पण सौजन्याची भाषा एक आणि मोजणीची भाषा दुसरी. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आकडा आला: 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीत सुट्टी नाही, खाडा झाला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची. या अन्यायाला नाव द्यायचं तर बाई हा शब्द शरीरासकट लागतो. त्याऐवजी नुसती ‘पाळी येणारी व्यक्ती’ लिहिलं तर त्या बाईचं घर, तिचा नवरा, मुकादम, तिची जात, तिचं बाईपण म्हणून झालेलं सगळं शोषण वाक्यातून निघून जातं. ट्रान्स पुरुषालाही पाळी येते, गर्भाशयाचा कर्करोग होतो. दवाखान्यात त्याच्यासाठी एक ओळ वाढवा, जरूर वाढवा. बाईची ओळ पुसू नका.

आणि हे बोलणाऱ्या बाईला गप्प करू नका. ब्रिटनमधल्या माया फोर्स्टेटर यांचं काम असं बोलल्यामुळे गेलं. 2021 मध्ये अपील न्यायाधिकरणाने ठरवलं, की लिंग जैविक असतं हे मत कायद्याच्या संरक्षणाला पात्र आहे. त्याच निकालात असंही आहे, की म्हणून कुणाचा छळ करायची मोकळीक मिळत नाही. मला एवढं पुरेसं वाटतं. आपल्याकडे 1979 मध्ये चार कायदेपंडितांनी, त्यांत आपल्या वसुधा धागमवार होत्या, मथुरा खटल्यावर सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. गडचिरोलीकडच्या मथुरा या आदिवासी पोरीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला आणि न्यायालयाने तिची संमती गृहीत धरली होती. त्या पत्रातून चळवळ उभी राहिली, 1983 मध्ये कायदा बदलला. आमची पिढी त्या पत्रावर वाढली. न आवडणारं वाक्य बोलता आलं म्हणून आम्हाला कायदा बदलता आला.

अदिती, सगळ्यात जास्त राग मला एका गोष्टीचा येतो. दोन दुबळ्या माणसांना एका अपुऱ्या जागेवर भांडायला लावून ज्याने जागा द्यायची तो बाजूला राहतो. मुंबईत बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून ‘राइट टू पी’ चळवळ करावी लागली. ज्या शहरात बाईलाच जागा नाही तिथे ट्रान्स स्त्रीला कुठून मिळणार? 2011च्या जनगणनेत देशभरात 4,87,803 माणसांनी स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ हा रकाना निवडला, महाराष्ट्रात 40,891. यांच्यातल्या ट्रान्स व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर 2019च्या कायद्यात शिक्षा काय लिहिली? सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. ट्रान्स स्त्रीच्या शरीराची किंमत कायद्याने इतकी कमी लावली, त्यावर मोर्चा काढायला आम्ही बायकांनीच पुढे व्हायला हवं. हे करताना आपल्या खोलीचं दार आपल्या हातात ठेवण्यात काहीही विसंगत नाही.

तेव्हा बैठकीत असं बोल. आधी विचार, ही खोली कशासाठी आहे. कपडे उतरवायच्या, उघडं व्हायच्या खोलीत शरीर हेच कारण आहे, म्हणून बायकांना फक्त बायकांची खोली मागण्याचा हक्क आहे, आणि तो मागताना त्यांनी माफी मागायची गरज नाही. लगेच दुसरं वाक्य बोल, पहिल्याइतक्याच मोठ्याने: ट्रान्स सहकाऱ्यासाठी कडी लागणारी, स्वच्छ, जवळची स्वतंत्र खोली त्याच दिवशी तयार हवी; अपंगांची खोली किंवा जिन्याखालचा कोनाडा दाखवून भागणार नाही. दारावर कुणी कुणाचं शरीर तपासणार नाही, हे लिहून घे. आणि जमलं तर बैठकीआधी त्या सहकाऱ्याशी चहा घे, तू काय बोलणार आहेस ते स्वतः सांग. आपल्याविषयीचा नियम माणसाला सूचनाफलकावरून कळू नये.

यावर दोन्हीकडून तुला बोलणी बसतील. एक बाजू म्हणेल तू निर्दय, दुसरी म्हणेल तू बायकांना विकलंस. खचू नकोस. बायकांच्या सीमेवर ठाम राहणं आणि सीमेबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी जागा मागणं ही दोन्ही कामं आपल्या चळवळीचीच आहेत. यातलं एक सोडून दुसरं करायला तुला कुणी सांगितलं, तर नाही म्हण.

बैठकीत काय झालं ते कळव. दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या